वाचते, पण मन ठरत नाही

प्रश्न : रोज ज्ञानेश्वरी वाचते, पान उलटेपर्यंत मन घरकामात जातं. काय करू? – एक वाचक, राजोडी

उत्तर : ताई, वाचन कमी करा. एकच ओवी मोठ्याने म्हणा आणि थांबा. ख्रिस्ती मठांतही शतकानुशतकं असंच वाचतात : थोडा मजकूर, मग मनन, प्रार्थना आणि नुसती शांतता. तुमच्या जवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ही (२०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार) असं संथपणे वाचण्याजोगं आहे. मन भटकलं तर स्वतःवर रागावू नका, ओवीकडे परत या. घरकामाला मात्र अडथळा मुळीच मानू नका. जनाबाईंना दळताकांडताच विठ्ठल भेटला. भाजी निवडताना सकाळची ओवी आठवून पाहा. आठवली नाही, तर उद्या पुन्हा तीच वाचा.