उतार आणि ब्रेक
डोंगरवाटेवरील सायकलीचे गतिशास्त्र

रायपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, छत्तीसगडच्या भातशेतीच्या मैदानात वसलेले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. शहराच्या पूर्वेकडील तेलीबांधा तलावाच्या आसपास सकाळ-संध्याकाळ जी मुले सायकल शिकतात, त्यांना चढ-उतार कसा तो फारसा ठाऊक नसतो. त्यांच्या दृष्टीने उतार म्हणजे फार तर तलावाचा बांध, किंवा जगदलपूरला जाताना बसच्या खिडकीतून पाहिलेला केशकालचा घाट. सपाटीवर सायकल चालविण्यास श्रम पडतात आणि पाय थांबविले की सायकलही थोड्या वेळात थांबते. त्यामुळे वेग मिळविणे कठीण व थांबणे सोपे, अशी या मुलांची समजूत होऊन बसते.

डोंगरावर नेमके याच्या उलट घडते. तेथे वेग आपोआप मिळतो. थांबण्यासाठी मात्र ज्ञान व सराव दोन्ही लागतात. अलीकडे डोंगरी सायकलींचे दोन-दोन दिवसांचे मेळावे अनेक ठिकाणी भरतात, आणि त्यांत पालक आपल्या वयात येणाऱ्या मुलामुलींसह भाग घेतात. मैदानातील एखादा पिता आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन अशा मेळाव्यास निघाला, तर त्या दोघांनी कोणत्या गोष्टी आधी समजून घ्याव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. रीपॅकचा उतार

डोंगरी सायकलीचा इतिहास ब्रेकच्या धुरापासून सुरू होतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ, डोंगरातून उतरणारी एक कच्ची वाट आहे. तिची लांबी तीन किलोमीटरहून किंचित कमी असून तेवढ्या अंतरात ती सुमारे ४०० मीटर खाली येते. म्हणजे दर १०० मीटरला सुमारे १४ मीटर उतार. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी या वाटेवर पहिली शर्यत लावली. त्यांच्या सायकली जुन्या, जाड टायरांच्या व वजनदार होत्या. त्यांपैकी बहुतेकींचा मागील ब्रेक चाकाच्या तुंब्यातच बसविलेला असून पेडल उलटे दाबल्यावर तो लागत असे.

एका उतरणीतच हा ब्रेक इतका तापे की, तुंब्यातील वंगण जळून त्याचा धूर निघे. पुन्हा उतरण्यापूर्वी तुंबा उघडून त्यात नवे वंगण भरावे लागे. अशा रीतीने पुन्हा भरण्याला इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात; तेच नाव त्या वाटेला पडले. या वाटेवर गॅरी फिशर याने ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम केला, म्हणजे त्याचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास होता. त्याचा सोबती जो ब्रीझ याने १९७७ मध्ये केवळ अशा वाटांसाठी नवी सायकल बांधली. पुढे हा खेळ जगभर पसरला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यास स्थान मिळाले. भारतात २००५ पासून हिमाचल प्रदेशात ‘एमटीबी हिमालय’ ही शर्यत सुरू झाली, आणि २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळातील पोनमुडीच्या डोंगरात झाली.

२. उंचीची उष्णता होते

वंगण का जळत असे? उंचावर असलेल्या प्रत्येक वस्तूत त्या उंचीमुळे ऊर्जा साठलेली असते. तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. वस्तू खाली येऊ लागली की या ऊर्जेचे गतीत रूपांतर होते, आणि ब्रेक ती गती घर्षणाने उष्णतेत बदलतो. ऊर्जा नाहीशी होत नाही. ती केवळ रूप पालटते.

पित्याचे वजन ७५ किलोग्रॅम व सायकलीचे १५ किलोग्रॅम, असे एकूण ९० किलोग्रॅम धरू. ४०० मीटर उतरताना ९० × ९.८ × ४०० म्हणजे सुमारे साडेतीन लक्ष जूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ८४ अंश सेल्सिअसने वाढते. म्हणजे चहासाठी ठेवलेले गार पाणी जवळजवळ उकळू लागेल. सायकल वेगाने धावत असेल, तर या ऊर्जेचा मोठा भाग हवेच्या विरोधात खर्च होतो. परंतु भीतीने सारी वाट ब्रेक दाबूनच मंद गतीने उतरल्यास जवळजवळ संपूर्ण उष्णता ब्रेकमध्येच निर्माण होते. म्हणून लांब उतारावर ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवू नये. सरळ भागात तो सोडावा आणि वळणापूर्वी पुन्हा दाबावा. त्यामुळे त्यास मधून मधून थंड होण्यास अवकाश मिळतो.

३. थांबण्यास किती अंतर लागते?

अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत काही काळ जातो. तो एक सेकंद धरला, तर ताशी १८ किलोमीटर वेगाने तेवढ्यात ५ मीटर व ताशी ३६ किलोमीटर वेगाने १० मीटर अंतर कापले जाते. त्यानंतरचे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट झाल्यास ते चौपट होते.

सैल मुरमाच्या वाटेवर टायरचा घर्षणांक ०.५ धरून आणि दोन्ही ब्रेक योग्य रीतीने लावून वरील १४ टक्के उतारावर हिशेब केला, तर ताशी १८ किलोमीटरला एकूण सुमारे साडेआठ मीटर व ताशी ३६ किलोमीटरला सुमारे २४ मीटर अंतर लागते. वळणापलीकडे केवळ १५ मीटर वाट दिसत असेल, तर पहिला वेग सुरक्षित आणि दुसरा धोक्याचा होय. चालविणारा कितीही धीट असला तरी त्यात फरक पडत नाही.

४. पुढचा ब्रेक व मागचा ब्रेक

शहरात सायकल चालविणारे बहुसंख्य लोक मागील ब्रेकवरच भिस्त ठेवतात. पुढचा ब्रेक दाबल्यास सायकल उलटते, असे त्यांनी लहानपणी ऐकलेले असते. ही भीती निराधार नाही. ब्रेक लावताच शरीराचा भार पुढे झुकतो, पुढच्या चाकावरील दाब वाढतो व मागच्या चाकावरील कमी होतो. ब्रेक फार जोराने लावल्यास मागील चाक उचलले जाऊन स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो.

परंतु याच कारणामुळे मागचा ब्रेक उतारावर निकामी होत जातो. ज्या चाकावर दाब नाही ते जमिनीला धरून राहत नाही. ते नुसते घसरते. वरील घर्षणांक व सर्वसाधारण मापाची सायकल धरून केलेला हिशेब पाहावा. ताशी १८ किलोमीटर वेगाने केवळ मागील ब्रेक लावल्यास सपाटीवर सायकल सुमारे ७ मीटरांत थांबते. १४ टक्के उतारावर तिला सुमारे ३० मीटर लागतात. हात तोच, ब्रेक तोच, वेगही तोच. अंतर मात्र चौपटीहून अधिक. सपाटीवर वर्षानुवर्षे उपयोगी पडलेली सवय डोंगरावर पहिल्याच दिवशी दगा देते, ती अशी.

यावर उपाय दोन. पहिला, दोन्ही ब्रेक एकदम न आवळता हळूहळू वाढत्या दाबाने लावणे. दुसरा, शरीर मागे व खाली नेणे. दोन्ही पेडले आडव्या रेषेत ठेवून त्यांवर उभे राहावे, गुडघे व कोपरे वाकवावीत आणि बैठकीवरून किंचित मागे सरकावे. असे केल्याने गुरुत्वमध्य पुढील चाकापासून दूर व जमिनीच्या जवळ येतो. तो केवळ १५ सेंटिमीटर मागे व १० सेंटिमीटर खाली नेल्यास, सायकल उलटण्यापूर्वी लावता येणाऱ्या ब्रेकची मर्यादा जवळजवळ दीडपट होते.

येथे एक सूचना आवश्यक आहे. ब्रिटिश प्रथेत पुढच्या ब्रेकचा दांडा उजव्या हाताला असतो, अमेरिकन प्रथेत डाव्या हाताला. मेळाव्यात भाड्याची सायकल मिळाल्यास कोणता दांडा कोणत्या चाकाचा, हे जागेवर उभे राहून आधी तपासावे.

५. पिता आणि मुलगी

आता अशा मेळाव्यात हमखास उद्भवणारा प्रश्न घेऊ. मुलगी विचारते, “बाबा, तुम्ही ज्या वेगाने उतरता त्याच वेगाने मी का उतरू नये?” “तू लहान आहेस म्हणून,” हे उत्तर शास्त्रीय नव्हे, आणि त्या वयाच्या मुलीला ते पटणारही नाही.

मुलीचे वजन सायकलीसह ६० किलोग्रॅम धरू. वजन कमी म्हणून तिला थांबण्यास अधिक अंतर लागत नाही. घर्षण वजनाच्या प्रमाणात असल्याने समान वेगाने दोघांनाही समान अंतर लागते. तिच्या ब्रेकमध्ये उष्णताही दोन-तृतीयांशच निर्माण होते. येथपर्यंत निसर्ग तिच्याच बाजूने आहे.

तिच्या अडचणी वेगळ्या आहेत. तिची बोटे आखूड असल्याने ब्रेकचा दांडा नीट पकडीत येत नाही; बहुतेक डोंगरी सायकलींत तो स्क्रूने हँडलच्या जवळ आणता येतो, आणि तो तसा आणलाच पाहिजे. सायकल पित्याच्या मापाची असल्यास तिला शरीर पुरेसे मागे नेता येत नाही. म्हणून सायकल तिच्याच मापाची हवी. आणि वाट वाचण्याचा सराव तिला अद्याप नाही. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी पित्याने घरीच करून द्यावयाच्या आहेत. तिसरी केवळ अनुभवाने साधते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील कनिष्ठ गटसुद्धा १७ व १८ वर्षांच्या खेळाडूंसाठी असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

पित्यालाही येथे एक धडा आहे. मुलीवर लक्ष राहावे म्हणून तो बहुधा तिच्या मागोमाग उतरतो. गॅलिलिओच्या नियमाप्रमाणे जड व हलकी वस्तू सारख्याच गतीने खाली येतात, पण तो नियम हवेचा विरोध नसताना लागू पडतो. पित्याचे वजन मुलीच्या दीडपट असले, तरी हवेला अडविणारा त्याचा आकार दीडपट नसतो. म्हणून ब्रेक न लावता दोघे उतरू लागल्यास पित्याची सायकल हळूहळू अधिक वेग घेते व मुलीच्या जवळ येऊ लागते. मुलगी अकस्मात पडली आणि पिता १० मीटर मागे ताशी ३६ किलोमीटर वेगाने येत असला, तर त्यास थांबण्यासाठी २४ मीटर हवेत. रक्षणासाठी मागे आलेलाच अपघातास कारण होईल. यास्तव त्याने तिच्यामागून निघताना ती पुढील वळणावर थांबून बाजूस होईपर्यंत वाट पाहावी.

मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे: दिसणाऱ्या वाटेत थांबता येईल इतकाच वेग घ्यावा. हा नियम तिला जितका लागू आहे, तितकाच तिच्या पित्यालाही.

६. घरून निघण्यापूर्वीचा प्रयोग

हा प्रयोग सपाटीवरही करता येतो. तलावाकाठची वाट चालणाऱ्यांची असल्याने त्यासाठी मोकळे मैदान निवडावे, आणि दोघांनीही शिरस्त्राण घालावे. जमिनीवर चुन्याची रेघ ओढावी. सावकाश गतीने येऊन रेघेवर फक्त मागचा ब्रेक लावावा व थांबण्याचे अंतर टेपने मोजावे. नंतर त्याच गतीने दोन्ही ब्रेक, प्रथम बसून व मग शरीर मागे नेऊन, लावावेत. प्रत्येक प्रकार पाच वेळा करून सरासरी काढावी. पित्याने व मुलीने आपापले आकडे वहीत शेजारीशेजारी लिहावेत.

मेळाव्यात पहिल्या दिवशी वाट प्रथम पायी पाहावी आणि जेथे पुढचे दिसत नाही ती वळणे लक्षात ठेवावीत. मग सौम्य उतारावर हाच प्रयोग पुन्हा करावा. सपाटीवरील व उतारावरील आकड्यांतील अंतर पाहिले, म्हणजे कोणता उतार आज झेपेल व कोणता पुढच्या वर्षासाठी ठेवावा, याचा निर्णय पित्याच्या धाकाने किंवा मुलीच्या हट्टाने न होता दोघांच्या संमतीने होईल.

प्रश्न

१. ६० किलोग्रॅम वजन ४०० मीटर खाली आल्यास किती ऊर्जा मोकळी होईल? तिने एक लिटर पाणी किती अंशांनी तापेल?

२. वेग तिप्पट झाल्यास ब्रेक लागल्यानंतरचे थांबण्याचे अंतर किती पट होईल?

३. उतारावर मागील चाक सपाटीपेक्षा लवकर का घसरते?

४. आपल्या सायकलीचा पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे? तो दांडा घरातील सर्वांत लहान स्वाराच्या बोटांना पोहोचतो काय?