मोटारसायकलच्या सीटचा खटका अडकल्यास

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या कापडाच्या गावांत मोटारसायकल ही केवळ स्वारीची वस्तू राहिलेली नाही. नमुन्याचे तुकडे, दोन-चार ताके, कधी साड्यांचा गठ्ठा, सारे तिच्यावरूनच जाते. सीटखाली अनेक बांधव बिलबुक, उधारीची वही आणि गाडीचे कागद ठेवतात. नेमक्या वसुलीच्या दिवशी सीट उघडेना, तर पार्टी दुकान बंद करून निघून जाते व पेमेंट आठवडाभर लांबते. घाईत चावी पिळली जाते, ती आत तुटते आणि कुलूप फोडावे लागते. सीटचे कुलूप एकटे बदलले तर एका गाडीला दोन चाव्या सांभाळाव्या लागतात. एकच चावी हवी असेल तर कुलपांचा पूर्ण संच घेण्याची पाळी येते.

रचना साधी आहे. सीटच्या तळाला यू आकाराची कडी असते आणि गाडीच्या सांगाड्यावर स्प्रिंगचा खटका. सीट दाबली की कडी खटक्यात अडकते. चावी फिरवली की बारीक केबल खटका मागे ओढते. काही गाड्यांत केबल नसते, कुलूपच थेट खटक्याला लागलेले असते. ज्या गाड्यांची सीट नट-बोल्टने आवळलेली आहे त्यांचा येथे विचार नाही.

दोष कोठे आहे हे चावी धरलेला हातच सांगतो. चावी मुळीच फिरत नसेल तर कुलपात धूळ आहे. आपल्याकडे तर यंत्रमागांचा कापूसही उडत असतो. अशा कुलपात खाण्याचे किंवा इंजिनचे तेल सोडू नये. तेलावर कापूस बसून दोन महिन्यांत लगदा होतो. पेन्सिलचे शिसे चावीच्या दात्यांवर घासून ती पाच-सात वेळा आत-बाहेर करावी. ग्रॅफाइटची पूड मिळाली तर उत्तमच.

चावी फिरते पण जड जाते, असे असेल तर बहुधा कडी खटक्यात ताणली गेली आहे. सीटखालचे रबरी गुटके सीटला वर ढकलत असतात, त्यामुळे खटक्यावर सतत ओढ असते. येथे सीट वर उपटणे हा उलटा इलाज झाला. दुसऱ्या माणसाला सीटच्या मागच्या भागावर दोन्ही तळहातांनी जोराने दाबायला सांगावे आणि त्याच क्षणी चावी हलकेच फिरवावी. पुष्कळ वेळा काम येथेच होते. न झाल्यास मडगार्डच्या बाजूने खटक्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे व पुन्हा तसेच करावे.

चावी सैल फिरते, हाताला काहीच लागत नाही, तेव्हा केबल तुटली किंवा निसटली असे समजावे. बाजूचे पॅनेल निघत असेल तर ते काढून केबलचे टोक पक्कडीने ओढावे. नसेल तर सायलेन्सर थंड झाल्यावर गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, मागच्या चाकावरून बॅटरी मारून खटका पाहावा आणि सायकलच्या स्पोकला आकडा करून तो बाजूला ओढावा. गाडीची बॅटरी सीटखाली असेल तर स्पोकला टोक सोडून चिकटपट्टी गुंडाळावी. उघडे लोखंड बॅटरीच्या टोकांना लागले तर ठिणगी उडते.

सीट उघडली म्हणून लगेच बंद करू नये. ब्रश व डिझेलने खटका धुवावा, कोरडा पुसावा, थोडे ग्रीस लावावे. मग सीट उघडीच ठेवून स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीने खटका दाबून बंद करावा आणि चावीने सोडवून पाहावा. तीन-चार वेळा बरोबर सुटला तरच सीट बसवावी. केबल फार ताणून बांधू नये. तिला किंचित ढील हवी. नाहीतर खटका अर्धवट लागतो व चालत्या गाडीवर सीट उचकटते. बसवल्यावर सीट हाताने वर ओढून खात्री करावी.

एवढे करूनही आठ दिवसांत पुन्हा अडकले, तर कडी पाहावी. आपल्या धंद्यात हाच दोष जास्त असतो. गठ्ठ्याची दोरी सीटला वेढून आवळली की सीट एका बाजूस खेचली जाते, कडी तिरकी होते आणि खटक्याच्या मधोमध न बसता कडेला घासते. घासल्याची चकाकी डोळ्यांना दिसते. कडीचे नट ढिले करून ती सरळ करावी. वाकली असल्यास बदलावी. दोरी कॅरियरला किंवा सांगाड्याला बांधावी, सीटला नव्हे.

कागदांचे म्हणाल तर 2018 पासून डिजिलॉकरमधील लायसन्स व आरसी ग्राह्य धरली जाते, तेव्हा अस्सल कागद घरीच ठेवावेत. उधारीच्या वहीला मात्र असा पर्याय नाही. ती खांद्याच्या पिशवीतच बरी.