व्हॅनिलाची शेंग

मुलांनो, व्हॅनिलाचा सुवास तुम्हांला आवडतो ना? तो एका वेलीच्या शेंगांपासून मिळतो. फुलापासून शेंग कशी तयार होते, ते आपण पाहू.

फुलातील पुंकेसरात परागकण असतात. ते स्त्रीकेसराच्या टोकावर पोहोचतात, त्याला परागीभवन म्हणतात. मग परागकणातून एक बारीक नळी निघते. ती अंडाशयातील बीजांडापर्यंत जाते. तेथे नर पेशी व मादी पेशी एक होतात. बीजांडाचे बी होते आणि अंडाशयाचे फळ होते. परागकण नेण्याचे काम वारा, मधमाश्या, फुलपाखरे करतात.

व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोची. तेथील मधमाश्या तिचे परागीभवन करतात. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ही वेल आपल्या शेजारच्या रेयुनियन बेटावर आणली गेली. वेल वाढली, फुले आली. पण शेंगा धरेनात. त्या मधमाश्या या बेटावर नव्हत्या. शिवाय व्हॅनिलाच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते.

या बेटावर एदमों नावाचा मुलगा होता. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली होती. रेयुनियनवर मात्र ती चालू होती. एदमों गुलाम होता. तो शाळेत गेला नव्हता. पण मालकाच्या बागेत तो फुले बारकाईने पाहत असे. १८४१ साली, बारा वर्षांचा असताना, त्याने एका बारीक काडीने फुलातील पडदा हळूच उचलला आणि अंगठ्याने पराग स्त्रीकेसरावर दाबले. वेलीला शेंग धरली!

ही रीत त्याने इतर मळ्यांत जाऊन शिकवली. १८४८ साली तो स्वतंत्र झाला. त्याला आल्बियस हे आडनाव मिळाले. व्हॅनिलाने मळेवाले श्रीमंत झाले. एदमों मात्र १८८० साली गरिबीतच वारला. आजही मळ्यांत व्हॅनिलाचे एकेक फूल हातानेच फळवतात. ही त्याचीच देणगी आहे.

शब्दार्थ
सुवास – चांगला वास
कोमेजणे – सुकणे
रीत – पद्धत

प्रश्न
१. परागीभवन म्हणजे काय?
२. रेयुनियन बेटावर व्हॅनिलाला शेंगा का येत नव्हत्या?
३. एदमोंने कोणती युक्ती केली?
४. एदमोंला त्याच्या कामाचे योग्य फळ मिळाले का? तुम्हांला काय वाटते?

उपक्रम : जास्वंदीचे फूल आणा. त्यातील पुंकेसर व स्त्रीकेसर ओळखा आणि चित्र काढा.