टोळीकडे वळणारी पावले

सुरत जिल्ह्यातील कडोदरा येथील कापड रंगाई-छपाईच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेले कामगार राबतात. त्यांत खानदेशातील मराठी कुटुंबेही आहेत. आईवडील पाळीवर, नातलग दूर आणि शाळा सुटलेली, अशा मुलास सोबत, दरारा व हातखर्च या तिन्ही गोष्टी टोळी देऊ करते.

मुंबईच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे असंख्य घरांची चूल थंडावली आणि काही बेकार तरुण टोळ्यांत ओढले गेले. मात्र बहुसंख्य तरुण त्या वाटेला गेले नाहीत. यावरून केवळ दारिद्र्य हे कारण नसून, आधार तुटणे हेही तितकेच मोठे कारण आहे, हे ध्यानात येते.

टोळी आरंभी निरोप पोचविणे, पाळत ठेवणे अशी किरकोळ कामे सांगते. उपकाराचे ओझे वाढले की परतणे कठीण होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये मुलांना बेकायदेशीर कामास लावणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकते.

म्हणून मूल शाळेत दिसेनासे होताच शिक्षकांनी त्याच्या घरी जावे. धोका जाणवल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. टोळीच्या आधी गावाने हात दिला पाहिजे.