किंग ३बी सोडून मोठ्या बोअरकडे

प्रश्न : बँडमध्ये किंग ३बी टेनर ट्रॉम्बोन वाजवतो. ऑर्केस्ट्रासाठी बाख ४२ घ्यावा की कॉन ८८एच?

उत्तर : पहिला फरक कानाला नव्हे, छातीला जाणवेल. ३बीचा बोअर ०.५०८ इंच, या दोन्हींचा ०.५४७. आकडा किरकोळ दिसतो, पण सुरुवातीला लांब स्वराला दम पुरत नाही. ३बीचा स्वर नेमका, लखलखीत, जॅझमधल्या जे. जे. जॉन्सननी तो उगाच नाही हाती धरला! मोठ्या बोअरचा स्वर रुंद होतो, जोरात वाजवला तरी सहसा फाटत नाही.

बाख ४२ची बेल सहसा पिवळ्या पितळेची. स्वर भरीव, ठाम. मात्र फुंकरीला थोडा अडतो. ८८एचची बेल जास्त तांब्याच्या, लालसर पितळेची. हळू वाजवतानाही ती चटकन बोलते, स्वर ऊबदार येतो. जोर लावला की धार चढते, ती काहींना खटकते. मला आवडते.

दुकानात मधला बी-फ्लॅट अगदी हळू सुरू करून वाढवत न्या. दोन्हींतला फरक तिथेच कळेल. आणि हो, तुमचा जुना माउथपीस चालणार नाही. जाड शँकचा लागेल.