खोटा हिंगा : ओळख व सावधगिरी

पावसाळ्यात दिवा लागताच उजेडाकडे जे नानाविध कीटक धाव घेतात, त्यांत केव्हा केव्हा एक सडपातळ, मऊ अंगाचा, लांब मिशांचा भुंगेरा आढळतो. इंग्रजीत ज्यास ‘फॉल्स ब्लिस्टर बीटल’ म्हणतात, त्या ईडेमेरिडी कुलातील हा कीटक होय. बाजरीच्या कणसांवर येणारे हिंगे शिक्षकबंधूंच्या परिचयाचे आहेतच. तेव्हा या पाठापुरते ह्यास ‘खोटा हिंगा’ म्हणावयास हरकत नाही. मात्र ‘खोटा’ या शब्दाने कोणी फसू नये. अंगावर चिरडल्यास फोड आणणारे कँथरिडिन हे द्रव्य याच्याही शरीरात असते. १८१० साली रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम वेगळे काढले, ते खऱ्या हिंग्यांच्या कुलातील कीटकापासून.

ओळख पटविताना रंगावर विसंबू नये. खऱ्या हिंग्याचे डोके खाली झुकलेले असून त्यामागे अरुंद मान स्पष्ट दिसते. खोट्यास अशी मान नसते. त्याची छाती पुढे रुंद व मागे निमुळती असते. पुढे भिंग घ्यावे. दोहोंच्याही पुढील चार पावलांस पाच-पाच व मागील दोन पावलांस चार-चार सांधे असल्यामुळे सांधे मोजून भागत नाही. नख्या पाहिल्या पाहिजेत. खऱ्याची प्रत्येक नखी उभी दुभंगलेली असते, खोट्याची तशी नसते. शिवाय खोट्याच्या पावलाचा शेवटून दुसरा सांधा रुंद व दोन पाळ्यांचा असतो. इतके जमले म्हणजे कुल ठरले. जात ठरविणे निराळे. त्यासाठी बहुधा नराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. वहीत ‘ईडेमेरिडी, जात अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. छायाचित्र पाहून नाव ठोकून देणे हे मात्र मुलांस खोटे शिकविणे होय.

याच्या अळ्या बहुधा ओल्या, कुजक्या लाकडात वाढतात व प्रौढ कीटक फुलांतील पराग खातात. म्हणून येरवड्यास मुळा-मुठेच्या काठी, पूर ओसरल्यावर अडकून राहिलेल्या ओंडक्यांपाशी व जवळच्या फुलांवर शोध घ्यावा. खऱ्या हिंग्यांपैकी कित्येकांच्या अळ्या नाकतोड्यांची अंडी खातात. पिकाच्या या शत्रूचे बालपण असे उपकारक, हेही मुलांस अवश्य सांगावे.

कीटक हाताने धरू देऊ नये. रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यावा. अंगावर बसल्यास चापट न मारता फुंकर घालावी. चिरडलाच तर ती जागा साबणाने तत्काळ धुवावी, कारण फोड काही तासांनी उठतो. आलेला फोड फोडू नये. द्रव डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन मुलास डॉक्टरांकडे न्यावे. कीटक पोटात गेल्यास तर क्षणाचाही विलंब करू नये.