रंगवलेली गाठ

मी भित्रा नाही, हे आधी सांगतो. मे महिन्याच्या अखेरीस भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो, तेव्हा आभाळ काळवंडत होतं. खलाशाला एवढंच म्हणालो, "बाबा, लाइफ जॅकेटं सोडून ठेव." तो म्हणाला, "काका, घाबरता कशाला? रोजचंच आहे." शेजारची चार माणसं हसली. ते हसू अजून टोचतं.

आजीचा धाकटा भाऊ रामदास बोटीत गेला. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. सकाळी आठला सुटलेली बोट तासाभराच्या आत काश्याच्या खडकाजवळ तुफानात उलटली आणि सहाशेंवर माणसं बुडाली. एका अंगाने पाणी शिरलं तशी माणसं दुसऱ्या अंगाला धावली, हे आजी दर आषाढ अमावस्येला सांगायची. बोटीवर वायरलेस नव्हता, मुंबईला पत्ताच नाही. जे वाचले, त्यांतले कितीतरी रेवसच्या कोळ्यांमुळे. हातची मासळी समुद्रात टाकून त्यांनी माणसं होड्यांत ओढून घेतली.

आमचीही लाँच अर्ध्या वाटेत वाऱ्यात सापडली. कलली, तशी मघाशी हसलेली माणसंच सगळ्यांत आधी कोरड्या बाजूला पळाली. "जागेवर बसा!" म्हणून मी ओरडत होतो. बाकावर चढून छताला बांधलेली जॅकेटं सोडवायला गेलो, तर नायलॉनच्या दोरीची गाठ दगडासारखी लागली. तिच्यावर निळ्या रंगाचे थरावर थर. लाँच दरवर्षी रंगवली होती, गाठ एकदाही सोडली नव्हती! पोटात गोळा आला तो तेव्हा, लाटेने नव्हे. दोन नखं तुटली, गाठ हलली नाही.

वारा पडला म्हणून वाचलो. उतरताना तांडेल म्हणतो, "उगाच पॅसेंजरांना घाबरवलंत." माझ्या बोटांचं रक्त त्याला दिसत होतं.

तेव्हा लाँचमध्ये चढल्याबरोबर वर हात घालून गाठ ओढून बघा. सुटत नसेल तर उतरा, तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ देत. ताडपत्री घट्ट बांधलेल्या कडेला मुलांना बसवू नका. लाँच कलली तर पळू नका, जिथे असाल तिथे खाली बसा. हवामान खात्याचा इशारा बघून निघा. गर्दी असेल तर थांबा. आणि कुणी हसलं तर हसू द्या.

मी लेखी तक्रार दिली. पोच मिळाली, उत्तर नाही. दिवाळीत त्याच लाँचवर चढून पाहिलं. गाठ तशीच, वर ताजा रंग. उतरलो आणि पुढच्या लाँचसाठी धक्क्यावर थांबलो.